कोणासाठी जागं राहायचं

संगणकाचं बटण दाबलं की थोडा वेळ पडद्यावर नुसतं चित्र असतं. डोंगर, आकाश, नातवंडाचा फोटो, ज्याचं जे असेल ते. मग खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या अलीकडे, एकेक बारीक खूण उमटायला लागते. ढग, ढाल, स्पीकर, प्रिंटर, कुठल्याशा कंपनीचं निळं आद्याक्षर. जागा पुरेनाशी झाली की तिथे छोटासा बाण येतो आणि उरलेल्या खुणा त्याच्या आड जाऊन बसतात. हा वेळ कसा गेला ते बहुतेकांना कळतही नाही. हात माउसवर आणि मन पुढच्या कामावर असतं. मला मात्र तेवढा वेळ बघत राहायला आवडतं. आपण अजून काही मागितलेलं नसतं, एकही कळ दाबलेली नसते. तरी आत लगबग सुरू असते, पंख्याचा आवाज चढलेला असतो, डिस्कचा दिवा थरथरत असतो. इतके सगळे प्रोग्राम आपल्याआधी कामाला लागलेले, आणि त्यातल्या निम्म्यांचं काम काय हे कोणी विचारलं तर आपल्याला धड सांगता येऊ नये, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

त्यांना बोलावलं कोणी? आपणच. कधीतरी एखादा प्रिंटर आणला, एखादा फोटो दुरुस्त करायचा प्रोग्राम घेतला, तेव्हा ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत जाताना एका खिडकीत बारीकसा चौकोन होता. त्यात बरोबरची खूण आधीच केलेली होती. संगणक सुरू झाला की मलाही सुरू कर, एवढंच त्यात म्हटलेलं. आपण ती खूण काढली नाही, आणि तेवढ्यावर त्या प्रोग्रामला आपल्या पुढच्या सगळ्या सकाळी मिळाल्या.

मी संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो भंडाऱ्यातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. बाहेरच्या खोलीत टाइपरायटरांची खडखड चालायची आणि आतल्या खोलीत, जिथे चपला काढून जावं लागे तिथे, एकच संगणक होता. खिडकीतून पितळेच्या भांड्यांवर हातोडी पडल्याचे आवाज यायचे. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. ते आवाज आता कमी झाले, पण त्या काळातलं काहीही आठवलं की मागे ती ठोकठोक असतेच. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, म्हणजे डॉस. आमच्या सरांनी शिकवलेली पहिली महत्त्वाची फाइल ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ ही. तिच्यात ज्या ओळी लिहाल त्या यंत्र उठल्यावर वाचणार, वरून खाली, लिहिल्या क्रमानं. माउस हवा असेल तर माउसची ओळ आपण लिहायची. न लिहिलेलं काही घडणार नाही.

त्या काळी डॉसच्या प्रोग्रामांना वावरायला जागा मिळायची ती ६४० किलोबाइटांची. तेवढ्यात सगळं बसवायचं. मुक्कामाला येऊन बसणारे प्रोग्राम तेव्हाही होते. बोरलँड कंपनीचं ‘साइडकिक’ १९८४ साली आलं. तुम्ही पत्र लिहीत असा नाहीतर हिशेब करत असा, एक कळजोडी दाबली की त्याची वही आणि कॅलक्युलेटर पडद्यावर हजर. वापरणाऱ्यांना त्याचं फार अप्रूप होतं. पण अशा प्रत्येक मुक्कामी प्रोग्रामपायी हातची जागा तेवढी कमी व्हायची, आणि ती किती कमी झाली हे लगेच दिसायचं, कारण मोठा प्रोग्राम उघडतच नसे. सर एखादी ओळ घालायच्या आधी वहीत आकडे मांडत. डॉस ६.२मध्ये तर सुरुवातीलाच एफ८ दाबलं की यंत्र एकेक ओळ दाखवून विचारायचं, ही चालवू का? हो की नाही, एक अक्षर दाबायचं आणि पुढची ओळ. संगणकानं माणसाला विचारलेला तो प्रश्न मला अजून फार सभ्य वाटतो. रोज सकाळी कोणी एफ८ दाबत बसत नव्हतं हे खरं, पण दाबता येत होतं आणि उत्तर देण्याइतपत आपल्याला ठाऊकही होतं.

मग विंडोज आलं आणि त्यात स्टार्टअप नावाचा एक कप्पा आला. प्रोग्रामचं चिन्ह त्यात ओढून टाकायचं, की तो सकाळी आपोआप उघडणार. ही सोय साधी, दिसणारी आणि माणसाच्या हातातली होती. पण हळूहळू प्रोग्रामांनी त्या कप्प्याची वाट सोडली. कोणी रजिस्ट्रीत नाव लिहून ठेवू लागला, कोणी वेळापत्रकातून येऊ लागला, कोणी सर्व्हिस होऊन तुम्ही पासवर्ड टाकायच्या आधीच आत येऊन बसू लागला. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी ‘ऑटोरन्स’ नावाचं एक साधन केलं, ते या सगळ्या वाटा एका ठिकाणी दाखवतं. २००६ साली मायक्रोसॉफ्टनं त्यांची कंपनीच विकत घेतली. ऑटोरन्स पहिल्यांदा उघडून बघणारा माणूस गप्प होतो. आपल्या घराला इतकी दारं आहेत हे त्याला माहीतच नसतं.

कोणतं दार बंद करावं याच्या याद्या एके काळी खूप फिरायच्या. विंडोज एक्सपीच्या दिवसांत यंत्र हळू झालं की कोणीतरी अशा यादीची झेरॉक्स आणून द्यायचं. यांतल्या अनेक याद्यांत एक नाव हमखास असे, सीटीएफमॉन. हे काही कामाचं नाही, खुशाल बंद करा. यादी करणाऱ्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं, कारण तो फक्त इंग्रजी टाइप करत होता. आपल्याकडे मात्र तो प्रोग्राम उठला नाही तर पडद्यावरची भाषेची पट्टी यायची नाही आणि मराठी कीबोर्ड निवडायचा कुठून हा प्रश्न पडायचा. सरकारी कचेऱ्यांत पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम असायचं, त्याचंही तसंच. ते आधी सुरू असेल तर बोटाखालून ‘क’ निघायचा. नाहीतर तीच कळ इंग्रजी अक्षर उमटवायची आणि टेबलासमोर अर्ज घेऊन उभा असलेला माणूस अजून थोडा वेळ उभा राहायचा. मेमरीतला एवढासा तुकडा अडवून तो प्रोग्राम दिवसभर काय करत होता, तर आपल्या भाषेची वाट पाहत होता. दूरच्या कुणाला तो फालतू वाटला यात त्याचा दोष नाही. पण तेव्हापासून दुसऱ्यानं केलेली यादी मी जशीच्या तशी कधी घेतली नाही. उठल्याबरोबर यंत्राला काय काय लागेल हे त्या यंत्रासमोर कोण बसणार यावर ठरतं, आणि ते यादी करणाऱ्याला कुठून दिसणार?

विजेचाही त्यात भाग होता. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज यायची-जायची ती वेळा ठरवून. वीज आल्यावर यंत्र नीट जागं व्हायला पाच मिनिटं घेत असेल, तर ती पाच मिनिटं त्या मोजक्या तासांतली असायची. तेव्हा स्टार्टअपची यादी छाटणं ही हौस नव्हती, रोजच्या कामातली निकड होती.

माझ्या मोठेबाबांचं यंत्र मी त्यांच्या मागे उघडून बघितलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि नंतर भंडाऱ्यात खांब तलावाजवळ राहिले. निवृत्तीनंतर मुलानं त्यांना संगणक घेऊन दिला. ते गेल्यावर मोठीआई बचत गटाचा हिशेब त्यावर लिहू लागली. एकदा गेलो तेव्हा म्हणाली, “बाबू, हा सुरू व्हायलेच लय टाईम घेते. पाहून दे ना जरा.”

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि स्टार्टअपची यादी समोर आली. ही सोय विंडोज ८पासूनची, म्हणजे २०१२पासूनची. त्या यादीत प्रत्येक नावापुढे त्याचा यंत्रावर पडणारा भार लिहिलेला असतो, जास्त, मध्यम किंवा कमी. ही मापं अंदाजानं टाकलेली नाहीत. सुरू होताना जो प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ घेतो किंवा डिस्कवर तीन मेगाबाइटांहून जास्त वाचतो-लिहितो, तो जास्त. ज्याचा प्रोसेसरचा वेळ ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि डिस्कचं काम ३०० किलोबाइटांच्या आत, तो कमी. मधले मध्यम. इतकं बारीक मोजलेलं बघून बरं वाटतं.

पण मी ती यादी वाचत गेलो तशी ती मला भाराची यादी वाटेना. वरचं पहिलंच नाव स्कॅनरच्या प्रोग्रामचं होतं. स्कॅनर कधीचा भंगारात गेलेला. त्यावर मोठेबाबांनी जुने सातबारे, शाळेतले गटफोटो, आजोबांची पत्रं उतरवून ठेवली होती. त्याखाली शब्दकोशाचा प्रोग्राम. त्याखाली यंत्राचा वेग वाढवून देतो म्हणणारा एक, ज्याच्यापुढे भार ‘जास्त’ असं लिहिलेलं. एका ओळीत नुसतंच ‘प्रोग्राम’ लिहिलेलं, बनवणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी. मूळ प्रोग्राम काढून टाकल्यावर मागे राहिलेली ती नोंद होती. आणि मग स्काइप.

दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, न्यू जर्सीला. त्याचा फोन यायचा तो रविवारी, आपल्या सकाळी. पण मोठेबाबा यंत्र रोज सकाळी सुरू करत. बटण दाबायचे, मग पूजेला बसायचे. पूजा होईपर्यंत यंत्र उठलेलं असे. स्काइप आधीपासून सुरू नसेल तर तिकडून केलेला कॉल इकडे वाजणार कसा? दादा सांगून रविवारीच करतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. मधल्या एखाद्या दिवशी त्याला वाटलं तर, एवढ्या एका ‘तर’साठी तो प्रोग्राम बाकीचे सहा दिवस उठून बसत होता. टास्क मॅनेजरनं त्याच्यापुढे ‘जास्त’ लिहिलं होतं. ते मापानं बरोबरच होतं. त्या तक्त्यात नाव आहे, बनवणारा आहे, स्थिती आहे, भार आहे; कोणासाठी, हा रकाना नाही. तो कुठलंही यंत्र भरू शकणार नाही, आणि खरं तर निर्णय सगळा त्या रकान्यावर होतो.

स्काइप ५ मे २०२५ रोजी कायमचं बंद झालं. यादीत त्याचं नाव तसंच होतं, रोज सकाळी उठायची परवानगी असलेलं. मी मोठीआईला विचारलं, राहू देऊ का? मला वाटलं होतं ती क्षणभर थांबेल. ती हातातली वही मिटत म्हणाली, “तो आता कोणाची वाट पाह्यते बाबू? कर बंद.” दादा आता तिच्या मोबाइलवर बोलतो. मग तिनं स्वतःची यादी सांगितली. मराठी कीबोर्ड लगेच मिळाला पाहिजे. आणि गटाची हिशेबाची फाइल आपोआप उघडली पाहिजे, कारण मंगळवारी बायका येऊन बसतात तेव्हा ती शोधत बसायला तिला आवडत नाही. मी त्या फाइलीचा शॉर्टकट स्टार्टअपच्या कप्प्यात ठेवला, त्याच जुन्या, साध्या, दिसणाऱ्या कप्प्यात. स्टार्टअप म्हटलं की आपण नेहमी काढून टाकण्याबद्दल बोलतो. काही आणून ठेवण्यासाठीही तो कप्पा आहे याचा मला विसर पडला होता, आणि तिनं तो हक्कानं वापरला.

तेव्हापासून कोणाचंही यंत्र बघताना मी मनाशी दोन ढीग करतो. काही प्रोग्राम कुणाची तरी वाट पाहत बसलेले असतात. मराठी कीबोर्ड लिहिणाऱ्याची, अँटिव्हायरस चोराची, प्रिंटरचा प्रोग्राम कागदाची. बाकीचे स्वतःचीच वाट पाहत असतात. आपली नवी आवृत्ती आली का, वापरणारा आपल्याला विसरला तर नाही ना, त्याला एखादी खिडकी दाखवता येईल का. ते उठतात ते त्यांच्या कामासाठी, आपल्या नव्हे. अशांना सकाळची जागा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हवे तेव्हा उघडावेत, तेव्हा येतात. यादीत ‘डिसेबल’ केलं म्हणजे प्रोग्राम काढून टाकला असं होत नाही. फक्त तो हाक मारल्यावर उठतो.

मोठेबाबांची धानाची शेती साकोलीकडे, एका मामा तलावाच्या खाली. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं झाडीपट्टीत असे तलाव जागोजाग बांधले; पुढे ते मालगुजारांकडे आले, आणि १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेल्यावर नावात ‘माजी’ आलं. तलावाच्या पाळीत पाणी सोडायची जी जागा असते तिला तुडूम म्हणतात. मोठेबाबा सांगायचे, तुडूम एरवी बंद असतं आणि बंद असणं हीच त्याची नेहमीची स्थिती. कोणाच्या बांधीत पाणी किती, कोणाचे पऱ्हे पिवळे पडायला लागले, पाऊस कुठे अडला, हे बघून गाव ठरवतं आणि मग ते उघडतं. रात्रभर चुकून उघडं राहिलं तर पाणी सगळ्यांच्या बांधीतून वाहून नाल्याला लागतं. सकाळी कुणालाच मिळालेलं नसतं आणि तलाव मात्र बोटभर उतरलेला असतो. मला या यंत्राबद्दल विचार करताना दर वेळी ते तुडूम आठवतं. आपल्या संगणकात सगळी तुडुमं उघडीच येतात, आणि बंद कोणतं करायचं ते आपण शोधत बसतो. तलावाखालच्या गावात हे उलटं आहे. तिथे उघडण्याला कारण लागतं, बंद ठेवण्याला नाही. आणि ते कारण कोणाच्या तरी शेताचं असतं, त्या शेताला नाव असतं, ते सगळ्यांना माहीत असतं.

सगळ्यात आधी उठण्यात एक सत्ता असते, ही गोष्ट पहिल्यांदा ओळखली ती व्हायरसांनी. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा, म्हणजे यंत्र जागं होताना जे सर्वांत आधी वाचतं तिथे. जो पहिला उठतो त्याला पुढच्या सगळ्यांना बघता येतं, अडवता येतं, आणि त्याला मात्र कोणी बघू शकत नाही. म्हणून मग राखणदारालाही तितक्याच लवकर उठावं लागलं. आपल्याकडे ते काम केलं पुण्याच्या काटकर बंधूंनी. कैलाश काटकर कॅलक्युलेटर दुरुस्त करत करत संगणकांच्या दुरुस्तीकडे आले, धाकटे संजय प्रोग्राम लिहू लागले, आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. १९९०च्या दशकापासून गावोगावच्या दुकानांतल्या, शाळांतल्या, सायबर कॅफेंतल्या यंत्रांवर त्याची खूण घड्याळाशेजारी दिसू लागली. ती दिसली की यंत्राचा मालक निश्चिंत होई. थोडा वेळ जास्त लागतो, लागू दे. राखणदाराच्या वेळेबद्दल आपण तक्रार करत नाही.

पण राखणदाराला दिलेली जागा केवढी मोठी असते, ते १९ जुलै २०२४च्या शुक्रवारी जगाला कळलं. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचा सुरक्षेचा प्रोग्राम मोठमोठ्या संस्थांच्या यंत्रांवर अगदी आरंभी, विंडोजच्या गाभ्याशी सुरू होतो. त्या दिवशी त्याला एक सदोष अपडेट गेलं. यंत्रं निळ्या पडद्यावर कोसळली. पुन्हा सुरू केली की तोच प्रोग्राम पुन्हा आधी उठणार आणि यंत्र पुन्हा कोसळणार. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं अशी ८५ लाख यंत्रं होती. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्तीसाठी अनेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी माणूस जाऊन बसला, सेफ मोडमध्ये ते सुरू केलं आणि ती एक फाइल काढली. सेफ मोड म्हणजे यंत्रानं जेमतेम अत्यावश्यक तेवढंच घेऊन उठणं. घड्याळाशेजारचा कोपरा तेव्हा जवळजवळ रिकामा असतो. त्या शुक्रवारी किती अनोळखी माणसं त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसली असतील.

त्याच जुलैत इकडे लाखनी-साकोलीच्या पट्ट्यात रोवणी चालू होती आणि लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले होते. सेवा केंद्रांसमोर बायकांच्या रांगा, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि पासबुक. महामार्गालगतच्या एका गावात माझ्या ओळखीच्या मुलाचं असं केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, पीएम किसानचं ई-केवायसी, आधारवर पैसे काढणं, सगळं तो एका जुन्या, चार जीबी रॅमच्या यंत्रावर करतो. सकाळी शटर उघडायच्या आधी रांगेतून आवाज येतो, “उठला का जी तुमचा कंपूटर?”

या मुलानं आपली स्टार्टअपची यादी जितक्या विचारानं केली आहे तितक्या विचारानं केलेली यादी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. अंगठा घेणाऱ्या यंत्राची एक सर्व्हिस असते, केंद्र चालवणारे तिला आरडी सर्व्हिस म्हणतात. ती त्याच संगणकात १११०० ते १११२० या ठरलेल्या पोर्टांपैकी एकावर कान लावून बसते; वेबसाइटनं अंगठा मागितला की ती यंत्राचा दिवा लावते. ती उठलेली नसेल तर माणूस, अंगठा, यंत्र, वेबसाइट सगळं हजर असूनही काहीच होत नाही. विंडोजमध्ये सर्व्हिसला जरा उशिरानं सुरू करायची एक सोय आहे, साधारण दोन मिनिटांनी. यंत्र लवकर हाताशी यावं म्हणून पुष्कळ जण ती वापरतात. यानं इतर दोन-तीन गोष्टी तशा उशिरा ठेवल्या आहेत, आरडी सर्व्हिस मात्र पहिल्या फळीत. “शटर उघडल्यावर दोन मिनिटं म्हणजे लय होते जी,” तो म्हणाला. “पहिली बाई बोट टेकवूनच उभी राह्यते.”

पण अंगठे लागत नाहीत ही त्याची खरी अडचण. रोवणीत दिवसभर हात पाण्यात आणि चिखलात. बोटांवरच्या रेषा पुसट होतात, कातडी सोलवटते. बाई अंगठा पुसते, पदराला घासते, पुन्हा टेकवते, मग दुसरं बोट, मग दुसरा हात. यंत्र नाही म्हणतं. म्हाताऱ्या बायकांचं तर बारा महिने तेच. म्हणून त्यानं डोळ्याची बुबुळं टिपणारं यंत्र घेतलं. त्याची सर्व्हिस वेगळी, त्याचा प्रोग्राम वेगळा. तो सकाळी उठवला की चार जीबीचं यंत्र जड होतं, आणि सगळ्यांच्या दाखल्यांना थोडाथोडा उशीर होतो. न उठवावा, तर बुबुळं लागणारी बाई आली की हातातलं काम थांबवून तो सुरू करायचा, तोवर ती अवघडून उभी, आणि रांगेतले लोक तिच्याकडे बघणार. आपल्यामुळे सगळे थांबले हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं, असं तो म्हणाला.

त्यानं मधला मार्ग काढला आहे, आणि तो शेतीच्या महिन्यांवर बेतलेला आहे. जुलै-ऑगस्टात बुबुळांची सर्व्हिस आपोआप उठते. नोव्हेंबरात पुन्हा, कारण तेव्हा पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. २०१४पासून तो आधारवरून देता येतो, आणि आपण जिवंत आहोत हे ज्याला सांगायचं त्याचं बोट नेमकं सगळ्यात जास्त झिजलेलं असतं. उरलेल्या महिन्यांत ती बंद ठेवायची, असं त्यानं ठरवलं होतं.

परवा भेटलो तेव्हा तो पुन्हा यादी उघडून बसला होता. बोटांवर महिने मोजत होता. सप्टेंबर बंद चालेल. ऑक्टोबरात धान कापणी, विळ्यानं बोटं चिरलेली असतात. डिसेंबर मोकळा वाटतो, पण डिसेंबरात धानाचे चुकारे खात्यात येतात आणि माणसं पैसे काढायला येतात. जानेवारी-फेब्रुवारीत ज्यांच्याकडे कालव्याचं नाहीतर बोअरचं पाणी आहे त्यांची उन्हाळी धानाची रोवणी. “उन्हाळी धानवाले किती, मोजकेच,” तो म्हणाला, “पण त्यांच्यासाठी ठेवू का जी?” मग मार्चपर्यंत येऊन त्याचं बोट थांबलं. रॅमची आणखी एक पट्टी टाकली तर हा प्रश्नच राहणार नाही, असं मी म्हटलं. ते त्याच्याही मनात होतं. फक्त त्या जुन्या बोर्डाला कोणती चालते ते कळत नव्हतं, आणि त्यासाठी नागपूरला सीताबर्डीत जायचं तर एक अख्खा दिवस केंद्र बंद ठेवावं लागणार होतं.